सातवरची आडवी रेघ

प्रिय मोती,

तुझा पत्ता आपल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या शिपायाकडून मिळवला. "धाकट्या बहिणीकडे असतात त्या, घर बदललं नसेल तर," असं म्हणाला. म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल की तसंच परत येईल, सांगता येत नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडता बाजूला ठेवलंस, तरी माझी तक्रार नाही. पण उघडलंसच तर शेवटपर्यंत वाच. नऊ वर्षांनी लिहितेय, तेव्हा थोडी आडवळणानं येईन. सरळ मुद्द्यावर यायचा माझा स्वभाव नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

आधी माझी खबर. प्रयोगशाळेतली नोकरी मी तुझ्यानंतर दीड वर्षानं सोडली. त्याच वर्षी आई गेली. आता मागच्या खोलीत बाबांच्या लेथवर काम करते. बाबा कातारी होते, आठवतं ना? पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे करायचे. तुझ्या भाच्याला त्यांनी एक भोवरा करून दिला होता. त्याच लेथवर मी मार्करच्या बॉड्या करते. हसू नकोस. पक्क्या शाईचे, पण शाई संपली की पुन्हा भरायचे मार्कर. आणि त्यांच्या लाकडी बॉड्या, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाच्या. गिऱ्हाईक कागदावर हात ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवतं, पेन कसं धरतं ते चार ओळींत लिहितं आणि कागद टपालानं पाठवतं. मोडीत निघालेल्या दारांचं पक्कं वाळलेलं लाकूड मी आणते. आधी आरपार भोक, त्यात ॲल्युमिनियमची नळी, कारण ती शाई नुसत्या लाकडाला खाऊन टाकते. मग बाहेरून कातायचं. बोटं बसतात तिथे जराशी कंबर, अंगठ्याखाली थोडा फुगवटा. हे सगळं जमतं. खरी परीक्षा टोपणाची. टोपण हवाबंद बसलं नाही तर बाकी कितीही देखणं असो, महिन्याभरात मार्कर कोरडा ठाक. पहिले चाळीस तरी मी वाया घालवले. बाबा असते तर म्हणाले असते, लाकडानं तुझं काय वाकडं केलंय?

आता टोपण बसतं. बसताना आतली हवा हलकेच "फुस्" करते, तेवढ्यानं मला कळतं. तरी प्रत्येक मार्कर मी महिनाभर आडवा ठेवते आणि मग काचेच्या पट्टीवर आकडे लिहून बघते. एक ते नऊ, सात सोडून. का सोडून, ते पुढे येईल.

माझी गिऱ्हाइकं चांगली आहेत. एक रोपवाटिकावाली आहे, सांधे धरलेत तिचे, तिला पेरूएवढा जाड मार्कर लागतो. एक गोदामातला मुकादम आहे, त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं. त्याच्या हाताचा कागद मी भिंतीला लावून ठेवलाय. ही माणसं पत्रातून भेटतात, समोर कुणी येत नाही. दिवसाकाठी मी बोलते ती टपालवाल्याशी, तीही "सही कुठे करू" एवढंच. लेथ बंद केला की घर इतकं गप्प होतं की मी उगाच नळ सोडून ठेवते. परवा तर बटाटे चिरताना मीच मला "झालं का गं?" असं विचारलं, आणि उत्तरही दिलं. जेवायला मी लेथशेजारीच बसते. टेबलावर समोरची खुर्ची रिकामी दिसते, ते आवडत नाही.

मार्करच का, हे तू विचारणार. आपण दोघी समोरासमोर बसायचो त्या टेबलावर काय हाल होते, आठव. दिवसाला रोग्यांच्या नमुन्यांच्या तीनशे काचेच्या नळ्या आकडे घालायला यायच्या आणि भांडारवाला दोघींत मिळून महिन्याला एक मार्कर द्यायचा. दुसरा मागितला की "उद्या या". तूच त्याचं नाव "उद्यासाहेब" ठेवलंस, आणि एकदा तोंडावर म्हणूनही टाकलंस! पंधरा तारखेपर्यंत मार्कर फिका पडायचा. मग आपण त्याचं टोक स्पिरिटमध्ये बुडवायचो, की तासभर पुन्हा चालायचा. तुझे आकडे तशातही छापल्यासारखे यायचे. सगळे तुला मोती म्हणायचे ते त्या अक्षरामुळे. माझे आकडे म्हणजे कोंबडीचे पाय. आणि इंग्रजी सातला मधोमध आडवी रेघ मारायची माझी शाळेपासूनची खोड.

त्या दिवशी सकाळचा नळ्यांचा रॅक तुझ्या सहीचा, म्हणजे तुझ्या जबाबदारीचा होता. बहिणीचा फोन आला म्हणून तू दहा मिनिटं बाहेर गेलीस. जाताना म्हणालीस, "जरा बघ गं." मी मार्करचं टोक स्पिरिटात बुडवलं आणि उचलताना थेंब रॅकवर पडला. दोन नळ्यांवरचे शेवटचे आकडे पुसले गेले. एक चारशे अकरा, एक चारशे सतरा. पण कुठली कोणती, ते काचेवर उरलं नाही. नियम तुलाही ठाऊक होता, मलाही. दोन्ही नळ्या बाद करायच्या, आपल्या मुख्य डॉक्टरसाहेबांना सांगायचं, नमुने पुन्हा मागवायचे. त्यांनी त्याच आठवड्यात मला दोनदा फैलावर घेतलं होतं. मला वाटलं, डावीकडची अकरा असणार. जवळजवळ खात्री होती. मी एकीवर एक लिहिला, दुसरीवर सात. तू परत आलीस तेव्हा मी काही बोलले नाही.

पुढचं तू भोगलंस. तरी लिहिते, कारण हे मी कधी कागदावर उतरवलेलं नाही. धडधाकट माणसाला आजारी ठरवलं गेलं, आणि ज्या बाई खरोखर आजारी होत्या त्यांना सांगितलं, तुम्हाला काही नाही. त्यांचे उपचार तीन महिने उशिरा सुरू झाले. जीव वाचला, एक फुप्फुस गेलं. चौकशीत डॉक्टरसाहेबांनी राखून ठेवलेल्या त्या दोन नळ्या आपल्यापुढे ठेवल्या. तू एक उचललीस, उजेडात फिरवलीस. सातवरची रेघ तू बघितलीस, मोती. मग माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. शेवटी तू म्हणालीस, "टेबल माझं होतं, सर." त्यांनी मला विचारलं, "तुम्ही या नळ्यांना हात लावला होता?" आणि मी म्हणाले, "आठवत नाही."

तू माझं नाव का घेतलं नाहीस, हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारतेय. कधी वाटतं, माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती म्हणून. कधी वाटतं, मी आपण होऊन बोलेन अशी तू वाट बघत होतीस. तुला काढून टाकलं त्या दिवशी मी रजेवर होते. आजारी नव्हते. घरीच बसून होते.

गेल्या महिन्यात आपल्याच प्रयोगशाळेतून चोवीस मार्करची मागणी आली. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोपवाटिकावालीनं नाव सुचवलं म्हणे. टपालानं पाठवता आले असते, पण मी स्वतः गेले. का गेले, विचारू नकोस. आपलं टेबल आता खिडकीशी आहे, माणसं सगळी नवी. टेबलाच्या प्रमुख म्हणून एक चाळिशीच्या बाई आहेत, गोड बोलणाऱ्या. त्यांनी एक मार्कर काचेवर चालवून बघितला, खूश झाल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "चला, आता आपल्याकडे मोती व्हायचा नाही." दोघी हसल्या. मी विचारलं, मोती म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "आमच्यातला शब्द आहे हो. नळीवर चुकीचा आकडा पडला की मोती झाला म्हणतात. पूर्वी कुणी एक होती म्हणे, निष्काळजी."

आपल्या अख्ख्या इमारतीत तुझ्याएवढं नीट काम कुणी केलं नव्हतं. मी म्हणाले, "ती निष्काळजी नव्हती. तो आकडा मी लिहिला होता." त्यांना आधी कळेचना. मग त्यांचा चेहरा बदलत गेला. मी तशीच आत, नव्या मुख्य डॉक्टरबाईंकडे गेले. वयानं लहान आहेत, पण ऐकून घेतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली. आता कशासाठी?" मी म्हणाले, "तुमच्या टेबलावर तिचं नाव रोज घेतात, म्हणून." त्यांनी कोरे कागद पुढे सरकवले. दोन पानं झाली, खाली सही केली. निघताना त्या म्हणाल्या, "तुमचे मार्कर आता घेता येतील की नाही, हे मला विचारावं लागेल." खोका तिथेच ठेवून आले.

तर पत्र यासाठी. चौकशी पुन्हा उघडणार आहे. तुला त्यांचं कागदी पत्र येईल, फुप्फुस गमावलेल्या त्या बाईंनाही जाईल. ते यायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, कुण्या कारकुनाकडून नव्हे, एवढंच मला हवं होतं. क्षमा मागत नाही. मागितली तर ती देण्याचं ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर. ते विचारतील तेव्हा जे बघितलंस ते सांग, माझा विचार करू नकोस. तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही, असं लिहिणार होते. पण खोटं बोलून मी किती मिळवलं, ते आपण दोघींनी बघितलंय. वाट बघणार आहे. टपालवाला साडेअकराला येतो.

तुझीच,
समोरच्या खुर्चीतली