पंचवीस मिनिटं

प्रिय कौमुदी,

आज दवाखान्यात मिरगीवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी तुले विचारलं, "झटका सुरू झाल्यावर किती मिनिटांनी औषध दिलं?" तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "पाच. ताई घरी होती म्हणून माही ईरा वाचली." त्यांनी पाच लिहून घेतलं.

पाच नव्हती, पंचवीस होती. पाच असं मीच तुले सांगितलं होतं.

त्या दिवशी तू सदर बाजारात, बँकेत होतीस. ईरा जेवता जेवता ताठ झाली, डोळे वर गेले. नाकात मारायचा स्प्रे कसा मारायचा, हे तू मले दोनदा दाखवलं होतंस. तो मी हातातही घेतला. पण तिचा श्वासच बंद पडला तर, या भीतीनं मारला नाही. "मौसी आहे ना, बेटा," म्हणत तिले धरून बसले. ओठ निळे पडले, तेव्हा मारला.

आता ती बोलत नाही. झटका फार लांबला की असं होऊ शकते, म्हणतात. आज तू मॅडमना विचारून राहिली होतीस, "पाचच मिनिटांत असं काहून झालं?"

तू औषधं आणायला गेलीस, तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी आकडा खोडला. म्हणाल्या, "डर से बहुतों के हाथ रुक जाते हैं. बहन को आप ही बताइए."

म्हणून लिहायला बसले. पण हे वाचल्यावर तू ईराले माझ्याजवळ ठेवणार नाहीस. भरवताना ती माझं बोट घट्ट धरते. तेवढं मले सोडवत नाही. हे पत्र मी तुले देणार नाही.

तुझी,
कुसुमताई