शेवटच्या पानावरची हाक

सुभेदारसाहेबांस आवडाबाईचा रामराम.

तुमची लढाईची कादंबरी वाचली. तुमच्याच पलटणीतल्या आमच्या ह्यांना तुम्ही शेवटच्या पानावर नावानिशी बर्फात मारलंत. ते तर लंगडत का होईना, रोज गुलमंडीतल्या दुकानात बसतात! पैठणच्या नणंदबाई ऐकून रडत आल्या, तर दार ह्यांनीच उघडलं. पुढच्या छपाईत त्यांना जिवंत करा, एवढंच लिहायला बसले होते.

पण मरताना ते "आवडा" अशी हाक मारतात, असं तुम्ही लिहिलंय. साहेब, लग्नापासून त्यांनी मला नुसतं "अगं" म्हटलंय. आता येईल त्याला ते पान मोठ्यानं वाचून दाखवतात. मी आत भाकरी थापता थापता ऐकते.

तेव्हा हे पत्र टाकत नाय. पुस्तकात ते मेलेलेच बरे.

आवडा