तिसावा गॉज

प्रिय फळेवाली,

'प्रिय' रीत म्हणून लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. तुझ्या सल्लागार कंपनीची चकचकीत पुस्तिका माझ्या हाती आली आहे. 'वेगळ्या वाटेने आलेले आमचे सहकारी' असं एक पान त्यात आहे. एक माजी वैमानिक, एक संगीतशिक्षक आणि मधोमध तू, माजी नर्स, हाताची घडी घालून. फोटो छान आलाय. खालचा मजकूर वाचून मात्र माझ्या हातातला चहा सांडला.

आठ वर्षं आपण एकाच ऑपरेशन थिएटरात काढली. मी टेबलाशी, डॉक्टरांच्या हातात हत्यारं देणारी. तू भिंतीवरच्या फळ्याशी, आकडे लिहिणारी. म्हणून तू फळेवाली आणि मी मोजणीबाई. टाके घालण्याआधी रक्त टिपायचे गॉज दोघींनी मोजायचे, आकडा आधी मी मोठ्याने म्हणायचा, मग तू, आणि दोघींचा जुळला तरच फळ्यावर चढवायचा. मग एक दिवस तुला त्या हिरव्या भिंतींचा वीट आला. मॅनेजमेंट कन्सल्टंट व्हायचं म्हणालीस, तेव्हा सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. मोठे डॉक्टर म्हणाले, सिस्टर आता कारखाने बरे करणार. मी हसले नाही. उलट आठ महिने कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून तुझी मुलाखतीची तयारी करून घेतली. एका विमानतळाला रोज किती टॉवेल लागतील, कारखान्याचा नफा का घसरला, असले प्रश्न मी वाचायचे आणि तू गोंधळायचीस. आधी काय मोजायचं ते ठरव, मग मोज, हे तुला शंभरदा मी सांगितलं. तेही वाक्य पुस्तिकेत आहे, तुझ्या नावाने. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

पण वाक्याचं एक वेळ सोडून देईन. त्या पानावर तू लिहिलंयस की एकदा गॉज एक कमी भरला, तू मोठ्या डॉक्टरांना टाके घालू दिले नाहीस, गॉज रुग्णाच्या पोटात सापडला आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तुझे आभार मानले. नेतृत्व म्हणजे काय ते तुला त्या दिवशी कळलं म्हणे. अगं, तू फळ्याशी होतीस. तीस दिले होते आणि एकोणतीस परत आले. मी मोठ्याने एकोणतीस म्हटलं आणि तू मास्कआडून कुजबुजलीस, तीस लिहून टाकते गं, असेल कुठेतरी, मुलीला पाळणाघरातून आणायला उशीर होतोय. मी नाही म्हटलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, सुई आपटली, बावीस मिनिटं सगळे ताटकळले. एक्स-रे काढला, पोटात काही नव्हतं. गॉज निघाला माझ्याच चपलेच्या तळाला चिकटलेला.

आभार वगैरे कुणी मानले नाहीत. महिनाभर मला हत्यारं उकळायच्या खोलीत बसवलं. तू म्हणालीस, बघ, उगाच तमाशा केलास. मीही हसले, कारण चपलेचं खरंच हसू येण्यासारखं होतं. तुझी कुजबुज मात्र मी कुणाला सांगितली नाही. तुझी मुलगी लहान होती आणि नोकरीवर गदा आली असती. आज मला त्या गप्प बसण्याचा राग येतो, आणि तुझा तर येतोच. चोरलंस ते चोरलंस, वर चपलेच्या जागी पोट घातलंस. नाव मोठं, लक्षण खोटं.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. बावीस वर्षं उभं राहून गुडघ्यांनी हात टेकले. तुझी तयारी घेता घेता ती पुस्तकं माझीही पाठ झाली होती, म्हणून तुझ्याच कंपनीत अर्ज केला. दोन फेऱ्या पार पडल्या. शेवटची गुरुवारी अकराला आहे आणि मुलाखत घेणाऱ्यांत पहिलंच नाव तुझं आहे. वरिष्ठांना कधी अडवलंत का, हा प्रश्न तुमच्याकडे ठरलेला असतो. माझ्याकडे त्याला एकच उत्तर आहे. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही. ही नोकरी मला हवी आहे आणि पुस्तिका वाचलेल्यांसमोर मी चोर ठरायला तयार नाही. तेव्हा मी चपलेसकट सगळं सांगेन, फळ्याशी कोण होतं आणि काय कुजबुजलं तेही. ओळख आहे म्हणून उठून जायचं असेल तर खुशाल जा, सांगणं काही थांबणार नाही. ते पान त्याआधी स्वतः दुरुस्त करायला तुला चार दिवस आहेत, म्हणून हे पत्र. आणि समोर बसलीसच, तर मी पूर्वीसारखीच मोठ्याने एकोणतीस म्हणेन. नंतर तुझी पाळी असते, आठवतंय ना?

तुझीच (हेही रीत म्हणून),
मोजणीबाई