तीन नंबरच्या मोटरीत दोष नाही

३ मार्च, सकाळी ८.१०
परीक्षा पंचवीस दिवसांवर. दुसरं वर्ष संपलं की स्पेशलायझेशन. पाच शाखा आहेत. माझी ठरलेली : विद्युत यंत्रे. जागा आठ. वर्गात आम्ही एकोणचाळीस जण, पैकी मोटर आतून पाहिलेला मी एकटा. वय अठ्ठेचाळीस असलेलाही मी एकटाच.

सव्वीस वर्षांत चार हजारांवर मोटरी रिवाइंड केल्या, एकाही पुस्तकाला न विचारता. पण कारखान्यात मोटर चालू करायची मी आणि कागदावर सही करायची पदवीवाल्याने. म्हणून हे संध्याकाळचं कॉलेज.

निश्चय : रोज सकाळी दोन तास गणित. आज पेन्सिलींना टोक करण्यात गेले. (टोक अकरा मिलिमीटर. जास्त ठेवलं की मोडतं.)

४ मार्च, सकाळी ६
गणिताचं पुस्तक उघडलं. पान ४१ वरची आकृती संशयास्पद. कोनमापक लावला. काटकोन म्हणून जो छापलाय तो अठ्ठ्याऐंशी अंशांचा आहे. ज्याला काटकोन काढता येत नाही त्याच्याकडून मी इंटिग्रेशन का शिकावं?

५ ते ९ मार्च
सगळ्या आकृत्या तपासल्या. सतरा चुका. प्रकाशकाला पत्र, चार पानी. गणित सोडवलेलं नाही, पण पुस्तकावर पकड आली.

११ मार्च
लेक बारावीला आहे, गणित तिचं चांगलं. ती शिकवायला बसली. प्रत्येक उत्तराला म्हणते, बाबा, चिन्ह चुकलं. मी समजावलं की मायनस म्हणजे नुसती उलटी जोडलेली तार, जागेवर जाऊन बदलता येते. ती म्हणाली, बाबा, पेपर तपासणारा तुमच्या जागेवर येणार नाही.
तोंडाळ झाली आहे. आईवर गेली.

१४ मार्च
शाखेच्या पसंतीचा फॉर्म भरला. पाच रकाने. पहिल्यात 'विद्युत यंत्रे'. उरलेल्या चारांवर पट्टी लावून रेघ मारली. खिडकीतला क्लार्क म्हणाला, काका, बाकीच्यात पण काहीतरी टाका हो, मग रडत येतात सगळे. मी म्हणालो, आपलं एकदा ठरलं की ठरलं.

घरी सांगितलं. म्हटलं, लग्नाच्या वेळीसुद्धा मी एकच स्थळ पाहिलं होतं. बायको म्हणाली, मी चार पाहिली होती. तुम्ही चौथे.
हे चोवीस वर्षांत प्रथमच कळलं. गणितात लक्ष लागलं नाही.

१९ मार्च
पहिल्या तीन स्थळांबद्दल विचारलं. एक म्हणे इंजिनिअर होता. कोणत्या शाखेचा, ते तिला आठवत नाही. हे कसं आठवत नाही?

२७ मार्च, संध्याकाळी ५
उद्या प्रॅक्टिकल. मीटर हाताळून बघावेत म्हणून दुपारी लॅबमध्ये गेलो. लॅब असिस्टंट म्हणाला, बसा काका, मी चहा घेऊन येतो. आणि गेला तो गेलाच.

कोपऱ्यात चार मोटरी रांगेत मांडलेल्या. एक नंबर : तार टर्मिनलमधून निसटलेली. दोन : बेअरिंग कोरडं ठणठणीत. तीन : कपॅसिटर मेलेला, नुसती गुरगुरते. चार : दोन तारांची अदलाबदल, उलटी फिरते. उद्या परीक्षा आणि ही हेळसांड! माझी हत्यारांची आणि सुट्या भागांची पिशवी बरोबर होतीच. २.१५ ला हात घातला, ३.४० ला चारही मोटरी गुळण्या केल्यासारख्या स्वच्छ आवाजात चालू.

असिस्टंटला काही बोललो नाही. उपकार बोलून दाखवू नयेत.

२८ मार्च, दुपारी २
प्रॅक्टिकल झाली. प्रश्न : 'दिलेल्या मोटरमधील दोष शोधा व कारण लिहा.' माझ्या वाट्याला तीन नंबर.

म्हणजे दोष मुद्दाम ठेवलेले होते. हे आधी सांगायला नको?

शेजारचा चष्मेवाला मुलगा कुजबुजला, काका, तीनला कपॅसिटर लिहा, दरवर्षी तोच असतो. त्याने स्वतःची मोटर चालूसुद्धा केली नव्हती. कोणीच केली नव्हती. सगळ्यांकडे मागच्या वर्षीची यादी. मी म्हणालो, समोर मोटर नीट चालत असताना ती बिघडली आहे असं लिहायला मी अजून पदवीधर झालेलो नाही.

लिहिलं : 'दोष नाही. कपॅसिटर नवा. जोडणीत जाणत्या कारागिराचा हात दिसतो.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं. प्रभावित वाटले.

२० एप्रिल, सकाळी ११
निकाल. गणित : एक्केचाळीस. चाळीसला पास. पत्राचा उपयोग झाला असावा. लेक म्हणते, माझा झाला.

प्रॅक्टिकल : पन्नासपैकी शून्य.

परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मोटर या विषयात शून्य. चष्मेवाल्याला पन्नास. त्याने त्या दिवशी मला विचारलं होतं, काका, स्विच कुठला?

२१ एप्रिल
विभागप्रमुखांना भेटलो आणि सत्य सांगितलं. त्यांनी असिस्टंटला बोलावून चारही मोटरी चालू करायला लावल्या. चारही फिरल्या. मला वाटलं, आता पाठ थोपटतील. ते खुर्चीत बसले. म्हणाले, अहो, हे दोष आधीच्या सरांनी अकरा वर्षांपूर्वी घातले होते. ते रिटायर झाले. आमच्यात कोणालाही परत घालता येत नाहीत.

असिस्टंट म्हणाला, सर, मी यांना फक्त बसा म्हणालो होतो.

मग तडजोड : मी चारही मोटरी होत्या तशा बिघडवून द्यायच्या. बदल्यात वीस गुण. पास.

२४ एप्रिल, दुपारी ४
बिघडवल्या. तार निसटवली, कपॅसिटर मेलेला शोधून आणून बसवला, तारांची अदलाबदल केली. बेअरिंगमधलं ग्रीस पुसताना मात्र हात चालेना. बायकोला फोन केला. ती म्हणाली, डोळे मिटून पुसा.

असिस्टंटने यादीशी ताडून पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : 'काम समाधानकारक.' खाली सही त्याची. तो पदवीधर आहे.

२ मे
शाखा लागल्या. 'विद्युत यंत्रे'ची आठवी जागा चष्मेवाल्याला. माझ्या फॉर्मवर दुसरी पसंती नव्हती, म्हणून जी शाखा कोणीच मागितली नाही ती मला : प्रकल्प व्यवस्थापन. लेकीने माझी पट्टी उचलून कपाटात ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

अर्ज घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो, अजून काही करता येईल का म्हणून. त्यांनी उठून स्वतः खुर्ची पुढे केली. म्हणाले, उत्तम शाखा आहे हो. दोन वर्षं कुठल्याही यंत्राला हात लावावा लागत नाही. मला सोडायला जिन्यापर्यंत आले. मी तीन पायऱ्या उतरलो असेन, वरून परत म्हणाले, अजिबात लावावा लागत नाही.