समुद्राकडे पाठ केलेलं घर

कोलमनदादा,

तुझा निरोप पोचला. कागदावर घर तुझं, राहतो मी. जूनमध्ये येऊन ते पाडायचं आणि टेकडीच्या माथ्यावर समुद्राकडे तोंड करून काचेचा बंगला बांधायचा, असा तुझा बेत. वहिनी फोनवर म्हणाली, "एवढा समुद्र, आणि त्या बाजूला एक खिडकी नाही!"

शेजारची सबीनामावशी ऐकत होती. ती म्हणाली, "तिला सांग, समुद्र बघायचाय तर बाहेर जाऊन बघ. घरात आम्ही त्याच्यापासून लपायला येतो, बाई!"

आणि निरोपात तू म्हणतोस तसं छपरावर 'वाळकं गवत' नाही. ओट धान्याचा पेंढा आहे, यंदाच मी नवा घातलाय. वर दोर ताणून त्यांना दगड बांधलेत. गेल्या वादळात माथ्यावर आधीच बांधलेल्या एका बंगल्याचं छप्पर उडालं; तिथली माणसं त्या रात्री आपल्या या घरात, चुलीपाशी येऊन झोपली.

आपल्या घराला समोरासमोर दोन दारं. वाऱ्याकडचं लावायचं, दुसरं उघडं ठेवायचं, हे आईने तुलाही शिकवलंय. भाऊ म्हणून ये, एक दार उघडंच आहे. बुलडोझर घेऊन आलास, तर तुला मी वारा समजेन.

हे पत्र टपालात टाकत नाही. आलास की आधी लावलेल्या दाराआडून वाचून दाखवीन; मग उघड्या दाराने यायचं का, ते तू ठरव.

तुझाच धाकटा,
फेस्टी