अठरा घरांची ओळ

मास्तर, परवा मला नवं यंत्र मिळालं. वहीएवढं आहे, वर सहा कळा, आणि खालच्या कडेला पुन्हा ब्रेलच्या ठिपक्यांची ओळ. मधली सगळी वर्षं मी नुसत्या आवाजाच्या यंत्रांवर आणि फोनवर काढली. ओळीतले ठिपके नीट वर येतात का ते बघायला काहीतरी लिहायला हवं होतं. कळांवर बोटं ठेवली आणि पहिला शब्द आला तो तुमचा. मग पुढे लिहीतच राहिले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आहेत.

मांद्र्याहून मला डिचोलीला मावशीकडे आणून ठेवलं ते तुमच्यासाठीच. गोव्याचं राज्य झालं त्या सुमाराला मी नऊ-दहा वर्षांची असेन. आंधळ्या मुलीला आंधळा मास्तर शिकवतो याचं घरच्यांना नवल वाटायचं. तुमच्या सोप्यावर आम्ही चौघं मुलं बसत असू, मांडीवर जाड कागद, आणि बाहेर खनिजाचे ट्रक इतके जायचे की तुम्ही मधेच बोलणं थांबवून वाट बघायचात. बाजारात तेव्हा कोंकणी की मराठी यावरून माणसं हमरीतुमरीवर यायची. कुणी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणत, "ठिपके दोगांकय तेच." आणि शिकवायला लागायचात.

एकदा मी धडा न वाचता, बाकीच्यांचा ऐकून पाठ केला होता. कागदावर बोट फिरवत मी तो घडाघडा म्हणून दाखवला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "बाय, तुज्या हाताखाला म्हज्या धुवपाच्या कपड्यांची यादी आसा." पोरं हसली. मी रडायच्या बेतात होते. तुम्ही माझा हात धरून पहिल्या ओळीवर ठेवलात, "तू वाचूंक ना गो. तू आयकलां. आयकल्लें दुसऱ्याचें, वाचिल्लें आपलें." त्या दिवशी मी तुमचे तीन सदरे, दोन पंचे आणि एक चादर अक्षर अक्षर वाचून काढली.

पुढे मला खनिजाच्या कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर नोकरी लागली. दोन-तीन वर्षांनी पुण्याच्या एका संस्थेने ते पहिलं यंत्र दिलं. आंधळ्या माणसाची खिशात न मावणारी वही, एवढंच ते होतं. कळा दाबून लिहायचं आणि खालच्या अठरा घरांत बारीक टाचण्यांसारखे ठिपके वर येत ते बोटाने वाचायचं. ते बोलायचंही, पण फक्त इंग्रजी. मराठी लिहिलं की तापातल्या माणसासारखं बरळायचं, म्हणून मी आवाज बंदच ठेवी. ठिपक्यांना मात्र काहीही चालायचं. कंपनीचे सगळे नंबर मी त्यात भरले होते.

तोवर तुम्ही मुलाकडे आमोण्याला राहायला गेला होतात आणि तुमचे कान जात चालले होते. आधी सून मोठ्याने बोलायची, मग कानाशी ओरडायची, मग तिने सोडून दिलं. मुलाला ब्रेल येत नव्हतं. तळहातावर बोटाने लिहावं तर डोळसांची अक्षरं तुम्ही कधी शिकलाच नव्हता. मी एका रविवारी भेटायला आले तेव्हा तुम्ही जनेलाच्या गजांशी, कदेलीच्या हातांवर कोपरं टेकून बसला होतात. माझा हात चाचपून ओळखलंत, "बाय?" मी हो म्हणाले, ते तुम्हाला पोचलं नाही. मग मला सुचलं. यंत्र तुमच्या मांडीवर ठेवलं, तुमचं बोट त्या ओळीवर टेकवलं आणि लिहिलं, "मास्तर, मी आयलंय." तुम्ही ते वाचलंत. मग इतके मोठ्याने हसलात की सून रांधणीतून धावत आली.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी बस पकडून येते. तुम्ही तोंडाने बोलता, मी लिहिते, तुम्ही वाचता. नदीला पाणी किती चढलं, बांधाचं काय झालं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, तुम्हाला सगळं हवं असतं. सून बाजूला उभी राहून सांगते, "विचार त्यांना, रात्री पेज करू की भात?" आणि तेही मी लिहिते.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तुम्ही सहज विचारलंत, "म्हजी भयण पेडण्याहून येवंक ना ती?" मागून सून हळूच मला म्हणाली, "ती गेली गो. यांना सांगायचं कसं?" मी लिहिलं, "ती वारली." तुम्ही ओळीवरून बोट नेलंत, परत मागे आणलंत, पुन्हा नेलंत. "केन्ना?" मी लिहिलं, "पांच म्हयने जाले." तुम्ही बोट उचललं नाही. त्या शब्दांवर ते तसंच ठेवून बसलात.

दोन वर्षं हे चाललं. मग ओळीतली दोन घरं बंद पडली. अक्षर तुटक यायला लागलं, तरी तुम्ही अंदाजाने वाचायचात. पणजीला संस्थेचं शिबिर भरलं तिथे मी ते दाखवायला नेलं. तिथल्या तंत्रज्ञाने उघडलं आणि म्हणाला, "ताई, यात लाल धूळ भरली आहे. साफ करून दोन घरं बदलून देतो, पण तीन महिने लागतील. नाहीतर हे जमा करा आणि आजच नवं घेऊन जा. मेमरी कितीतरी पट, बॅटरी दिवसभर चालेल, रेकॉर्ड केलेली पुस्तकंसुद्धा वाजतात. फक्त ठिपके नाहीत, नुसता आवाज."

त्या दिवसांत परदेशातून खनिजाची मागणी वाढली होती आणि बोर्डावर फोन थांबत नव्हते. शेजारच्या खुर्चीवर नवी डोळस मुलगी आली होती. मी ओळीवर नंबर शोधीपर्यंत तिने जोडून दिलेला असे. साहेब काही बोलत नव्हते, पण दोनदा येऊन माझ्यामागे उभे राहून गेले होते. हे सगळं खरं आहे. पण मी विचार करायला वेळ मागितला नाही हेही खरं आहे. मी म्हणाले, "नवं द्या."

पुढच्या रविवारी तुम्ही यंत्र हातात घेऊन खालची कड चाचपलीत. मग वरची. मग पालथं करून पाहिलंत. "ओळ खंय गेली?" उत्तर द्यायलाही माझ्याकडे ओळ नव्हती. पिशवीतून पाटी आणि टोचा काढून कागदावर टोचलं, "जुनं बिघडलं. दुरुस्त होत नाही." तुम्ही वाचून कागद परत दिलात. "बरें," म्हणालात. "यंत्रच तें. तू कागदार टोचून बरय, म्हाका घाय ना."

घाई तुम्हाला नव्हती, मास्तर. मला होती. पानभर टोचायला अर्धा तास लागायचा आणि तुम्ही ते मिनिटभरात वाचून हात पुढे करून बसायचात. त्या पसरलेल्या हातासमोर टोचत राहणं मला जड होऊ लागलं. मी कमी लिहू लागले. विचारलेल्याचं तेवढं उत्तर, मग त्यातलंही अर्धं. एक रविवार सोडून एक, मग महिन्यातून एकदा, मग बसचं कारण, कामाचं कारण.

एका गुरुवारी बोर्डावर फोन आला तो तुमच्या सुनेचा. म्हणाली, "ते दिवसभर मांडीवर बोटं चाळवत असतात. कोण आलं की विचारतात, बाय आयली? तू एकदा ये." मी म्हणाले, "येत्या रविवारी नक्की येते." मंगळवारी तिचा पुन्हा फोन आला, तुम्ही गेल्याचा. नवी मुलगी बोर्ड सांभाळते म्हणाली आणि मी आमोण्याला आले. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. मुलगीच होती त्यांची, म्हणाले. सुनेने मात्र विचारलं, "रविवारी काय झालं गो?" मी म्हणाले, बरं नव्हतं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

हे पत्र कुणाला पोचायचं नाही, म्हणून लिहिते. त्या रविवारी मला काहीच झालं नव्हतं. मी घरी खाटेवर पडून, कानाला नवं यंत्र लावून, एक कादंबरी ऐकत होते. दुपारची बस गेली तेव्हा चांगला भाग चालू होता.