फेटिया घातला यंत्रात

नेर, चैत्र, १९६३

सेवादासभाऊंना पूनमसिंगचा रामराम. इकडे आम्ही सुखरूप आहोत (आम्ही म्हणजे मी एकटाच, पण पत्रात एकट्यानं सुखरूप असणं बरं दिसत नाही). सासूबाईंच्या गुडघ्यांना उतार पडला का? विहिरीचं पाणी टिकून आहे ना? म्हैस व्याली असल्यास कळवावं. तांड्यातल्या लहानथोर सर्वांची खुशाली कळवावी, आणि त्या लहानांत जी सर्वांत लहान आहे, तिची जरा सविस्तर कळवावी. माझं पत्र ढाणकीच्या पोस्टातून तांड्यावर पोचलं की नायकाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून यापुढे फक्त यंत्राविषयी लिहितो.

यंत्र म्हणजे कपडे धुण्याचं. इथले एक साहेब बदली होऊन निघाले, आणि एवढं धूड सोबत न्यायला त्यांच्या बाईसाहेब तयार होईनात, म्हणून ते माझ्याकडे आलं. पत्र्याचं मोठं पिंप, आत फिरणारी पंख्यासारखी पाती, बाजूला हँडल आणि वर कपडे पिळायला रबराचे दोन रूळ. बंडीतून उतरवलं तेव्हा सारी आळी जमली. कोणी म्हणे रस काढायचं आहे, कोणी म्हणे शेवयांचं. मी जिनिंगमधला कारकून, मला यंत्राचं वेड असणारच, असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे तान्ह्या लेकराच्या घरात दुपट्यांचा ढीग पडतो, आणि बाळंतिणीनं थंड पाण्यात हात घालू नये असं सासूबाईच बजावून गेल्या होत्या. त्यांचा शब्द राखायला मी यंत्र घेतलं, दुसरं काही नाही.

आता दुपटी तिकडे आणि यंत्र इकडे. पहिल्यांदा धुवावं काय? शेवटी ट्रंक उघडली (वाळवीसाठी. रोजच उघडतो, वाळवीसाठी). वर तुमच्या बहिणीचा लग्नातला फेटिया होता, आरसे अन् कवड्या लावलेला. त्यावर थोडी धूळ दिसली. मनात आलं, घरात पाऊल टाकताच तिला आपला घागरा नवा कोरा दिसला पाहिजे. आपल्या बायका तो नुसता झटकतात, हलक्या हातानं पुसतात, पाण्यात बुडवून घुसळत नाहीत, हे तांड्यात जन्मलेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. पण मी आठव्या वर्षी बोर्डिंगात गेलो, तिथं फेटिये नव्हते. साबणाचा चुरा टाकला आणि हँडल मारलं. पत्र्यावर भुईमुगाच्या शेंगा ओताव्यात तसा आवाज निघाला. मला वाटलं, यंत्र जोरात काम करतं आहे. मग कचकन अडकलं ते हलेना.

एरंडेल घातलं. ते झिरपून फेटियाला लागलं. यंत्र आडवं केलं, तर साबणाचं पाणी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर गेलं, त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. जिनिंगचे फिटर भगवानराव आले. त्यांनी पिंपाला कान लावला आणि आत सरकी अडकली असं सांगितलं (त्यांना सगळीकडे सरकीच दिसते). सारं खोलून मांडलं, तेव्हा पात्याखालून मूठभर कवड्या निघाल्या. भगवानरावांनी त्या माझ्या ओंजळीत ओतल्या आणि म्हटलं,

"बाबू, मशीन चांगली हाय. तूच कवड्या दळून राह्यला. घरच्या बाईले बोलाव आता, कोणती कवडी कुठची ते तिलेच माहीत राहीन."

मी म्हटलं, मीच शिवतो. पहिली कवडी शिवून फेटिया उचलला, तर त्याच्यासोबत माझं धोतरही वर आलं. तेव्हा भाऊ, विनंती एवढीच, की फेटियाची ज्याला माहिती आहे अशा घरच्या कोणा माणसानं इकडे येऊन एकदा पाहून जावं.

आपला,
पूनमसिंग

ता. क. घरचं माणूस म्हणजे सासूबाई नव्हेत. त्यांच्या गुडघ्यांना मोटारीचे धक्के सोसणार नाहीत.

दुसरा ता. क. (हे ओट्यावर वाचू नये.) पाठवणीचं बोलणं वडीलधाऱ्यांनी करायचं, आणि बोलावणं आल्याशिवाय जावयानं यायचं नाही, ही रीत मला मान्य आहे. पण माझे वडीलधारे म्हणजे मारेगावचे शंकरसिंगकाका. ते पत्राला उत्तर देत नाहीत, भेटलो की म्हणतात, कापूस विकू दे. म्हणून मीच लिहितो, राग मानू नका. जमनीला आणि पोरीला पाठवा, नाहीतर मला बोलवा. पोर आता मान धरत असेल. मी तिला अजून पाहिलेलं नाही. घरात करमत नाही, भाऊ.

शेवटचा ता. क. यंत्र भगवानरावांनी त्याच दिवशी सुरू करून दिलं, उत्तम चालतं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की त्यात माझे दोन सदरे घालून फिरवतो. ते धुतलेलेच असतात.